तिसरी

पालच्या पुढे, सुकीच्या कोरड्या पात्रात
उखर्डू तडवीनं हात आडवा धरला.
थांबलो.
सागाचा पाचोळा वाजत होता.

"घोरपड जाते तर सरसर, एका सुरात.
हे उकरणं आहे, भाऊ.
उकरते, थांबते, ऐकते.
पाखरू."

मी वही काढली. वहीही वाजली.

बोराटीच्या बुडाशी
पाचोळ्याचाच एक तुकडा चालायला लागला.
आधी लाल पाय,
मग कोंबडीसारखं उभं शेपूट,
मग नुसती हललेली काडी.
उडाली नाही. पळाली.
पंख असून पळणारं हे पाखरू
मला एकदम घरातलं वाटलं.

फेगडे सर म्हणाले, "पांढरे ठिपके. चितारलेली चकोत्री."
"ठिपके नव्हते, सर. अंजनाच्या पानांतून
ऊन पडलं होतं तिच्यावर."
"मी काय ऊन ओळखत नाही?"
"मग पाय? पाय लाल होते."
"पाय मी पाहिलेच नाहीत."
पुस्तकात दोघी शेजारीशेजारी,
दोघी स्वच्छ, उजेडात, पायांसकट,
एकीच्याही अंगावर सावली नाही.

उखर्डू तोवर वाकून
उकरलेल्या मातीत बोट फिरवत होता.
"दोन होत्या," तो म्हणाला,
"तुम्ही एकीवरच भांडताय."

परतताना फेगडे सर पुढे, न बोलता.
माझ्या पानावर तारीख, वेळ, लाल पाय,
नावाची जागा कोरी.
मागे नाल्यात कुणी तेल न दिलेला रहाट
दोनदा ओढल्यासारखं:
कर्र-क्वेक, कर्र-क्वेक.

उखर्डूनं मानही वळवली नाही.
"ही तिसरी," म्हणाला.