आंडोर, आंडेर

बाराव्या दिवशी पाळणा बांधलाच नाही.
आळीतल्या बाया दारातूनच विचारायच्या,
"काय व्हयनं वो मास्तरीनबाई, आंडोर का आंडेर?"

शिरपूरला पहिलीच्या वर्गाला मी बाराखडी शिकवते.
या दोन शब्दांत अंतर एका कान्याचं,
एक उभी रेघ.
ओढता ओढता कुणाच्या हाताला धक्का लागला
तर शब्द काय वाचायचा,
हे मला कुठल्याच पोराने विचारलं नव्हतं.

सिस्टरने रकान्यात पेन्सिलने काहीतरी लिहिलं,
खोडलं.
खाली फक्त वजन : दोन किलो आठशे.

अकराव्या रात्रीपासून दूध पोटात ठरेना.
टाळू खोल गेली.
धुळ्याच्या वाटेवर वहिनी गाडीत बोलली नाही,
बाळाच्या कपाळाला ओठ लावून बघत राहिली.

डॉक्टर आधी मिठाबद्दल बोलले.
अंगातलं मीठ लघवीवाटे चाललंय,
ते थांबवू. बाकीचं नंतर.

तिसऱ्या दिवशी चिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी काढली
दोन मूत्रपिंडं, त्यांवर दोन टोप्या.
एका जनुकात चूक,
हवं ते रसायन बनत नाही, भलतंच उतू जातं,
पोटात असतानाच, तिसऱ्या महिन्याच्या आसपास
(वहिनीला तेव्हा भरताचा वास सोसत नव्हता).
आत गर्भाशय आहे, म्हणाले, बीजकोष आहेत.
वहिनी : "ग्रहणात विळी धरली होती मी, म्हणून?"
"नाही हो ताई. विळीचा काही संबंध नाही."

भाऊ एकदम म्हणाला, "पपईचं असंच असतं साहेब.
फूल येईस्तोवर रोप काही सांगत नाही.
नर, मादी, नाहीतर दोन्ही एकात.
त्याचंच फळ लांबट, व्यापारी तेच मागतो."
आणि गप्प झाला.
आपलं लेकरू पपई नाही
हे त्याला वाक्य संपल्यावर कळलं.

आता दिवसातून तीनदा
दोन चमच्यांमध्ये गोळीचा तुकडा चुरते,
आईच्या दुधात कालवते,
डॉक्टरांनी मोजून दिलेलं मीठ घालते.
बाया अजून विचारतात.
मी म्हणते, ते आता दूध टिकवतं.
ते हसतं.
बाळ या शब्दाला व्याकरणाने
पहिल्यापासूनच ते दिलेलं आहे,
मी फक्त इतकी वर्षं
फळ्यावर लिहून पुसत आले.

पाळणा सव्वा महिन्याने बांधला.
आत्या म्हणून मी कानाशी वाकले,
कुर्रर्र केलं,
नाव ओठांवर आलं होतं,
तेवढ्यात त्याने
माझं मिठाचं बोट धरून
तोंडात घातलं.