चार बोटं

कुताइसीच्या आमच्या वाचनालयातला काउंटर
अक्रोडाच्या लाकडाचा. सुताराने माप घेतलं होतं
पहिल्या ग्रंथपालाचं. तो म्हणे दारातून
वाकून आत येई.
तो गेला. माप राहिलं.

त्या मापात मी एकतीस वर्षं बसते आहे,
दुसऱ्या कुणाच्या बापाचा कोट घालून बसावं तशी.
कोपरं वर, खांदे कानांना चिकटलेले.
घरी झुरा विचारतो, आज कुणावर चिडलीस?
कुणावरच नाही रे.
हे आता असंच राहतं.

नानुलीचा अंगठा पहाटे तीनला उठतो,
तिच्या आधी.
आणि तळघरात लेला. सगळ्यात खालच्या फळीवर
मधमाशा, द्राक्षांचे रोग, गुरांची औषधं.
कुणी त्यातलं काही मागितलं की ती आधी
त्याच्या तोंडाकडे बघते:
अगदी नक्की हवंय?
मग गुडघ्यावर हात ठेवून, आईचं नाव घेत
खाली जाते.

दर डिसेंबरात आम्ही पुस्तकं मोजतो.
हरवलेलं, त्याला रकाना.
भिजलेलं, त्याला रकाना.
कणा सुटलेलं, ते वेगळं काढून
बांधणीला पाठवायचं, सावकाश, कापडात गुंडाळून.

यंदा इस्पितळातून तामता आली, टेप घेऊन.
मला वाटलं खिडक्यांचं माप घेईल, पडद्यांसाठी.
तिने माझं कोपर मोजलं, जमिनीपासून.
मग गुडघा. मग डोळे आणि पडदा यांमधलं अंतर.
"खांदे सोडा," म्हणाली.
सोडलेच आहेत, म्हटलं.
तिने दोन्ही तळवे ठेवले वर, अगदी हलके,
आणि ते उतरले, उतरतच गेले,
जिन्याला अजून एक पायरी निघावी अंधारात, तसे.
मला एकदम रडू आलं. लाज वाटली.
समोर एक मुलगा कार्ड घेऊन उभा होता.

सोमवारी करवत आली.
संचालकबाई म्हणाल्या, जुनं लाकूड आहे, जपून.
सुतार म्हणाला, बाई, बाकीचंही जुनंच दिसतंय.
नानुली इतकी हसली की खुर्ची धरावी लागली.
प्रत्येक पायाची चार बोटं कापली.
भुसा पडला, अजून सुगंधी.

आता मुलं दिसतात. आधी फक्त
केसांचे भांग यायचे, पुस्तकं पुढे सरकवत.
लेलाच्या मधमाशा कमरेच्या उंचीवर आल्या;
खाली गेले ते खंड, जे कुणीच मागत नाही.
नानुलीचा अंगठा मात्र
अजून तीनलाच उठतो.
तामता म्हणाली, वेळ लागेल. किती, ते नाही म्हणाली.

सुतार ते चार ठोकळे शेगडीत टाकायला निघाला होता.
मी काढून घेतले.
खणात आहेत, शिक्क्यांच्या मागे,
वर चिठ्ठी: काउंटरचे पाय. टाकू नये.
माझ्यामागून कुणी उंच आलं तर
त्याला आधी विचारा,
कोपर कुठं येतं तुझं?