या अर्थाला कर्म लागत नाही

सातपूरला, आयटीआय सिग्नलच्या अलीकडे,
झेरॉक्सच्या दुकानावरचा लोखंडी जिना चढून
अरिंगळे मॅडमचा क्लास.
आम्ही सात जण, सगळे चाळिशीच्या पुढचे,
बाकं मात्र पाचवीतल्या पोरांची.
गुडघे कुठं ठेवायचे, हाच पहिला धडा.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं : ब्रेक डाउन.
कुणाला येतो?
मला हसू आलं. बावीस वर्षं
मी दुसरं लिहिलंय काय?
मेंटेनन्सचं रजिस्टर, निळी शाई :
प्रेस नंबर चार, ब्रेकडाउन, पावणेतीन तास,
कारण ऑइल सील.
आमच्याकडं तो इंग्रजी शब्द नव्हताच, मॅडम.
तो रात्री दोनला खांदा हलवून उठवायचा.

हा झाला एक अर्थ, मॅडम म्हणाल्या.

दोन : बोलणी फिसकटणे.
मागच्या बाकावर खैरनार खोकला.
कराराच्या एकोणीस बैठका झाल्या.
विसाव्या वेळी साहेबांनी चहा मागवला नाही,
तेव्हाच कळलं होतं.

तीन : फोड करून सांगणे, हिशेबाची वगैरे.
इथं मध्ये शब्द घालता येतो.
आधी ब्रेक, मग जे फोडायचं ते, मग डाउन.
मी वहीत जागा सोडून दोन्ही शब्द लिहिले,
तर मधल्या जागेत येऊन बसलं
ग्रॅच्युइटी इतकी, शिल्लक रजा इतकी,
सोसायटीचं कर्ज वजा,
सेफ्टी बुटांचा एक जोड परत केला नाही, वजा.
खाली एक आकडा,
आणि रेव्हेन्यू स्टँपावर आडवी सही.

चार : कुजून मातीत मिसळणे.
हे रेहानाबाईंना लगेच समजलं.
पॅकिंगला होत्या, आता गिरणाऱ्याला
द्राक्षाच्या बागेत शेणखत पसरायला जातात.
वास येतो का अजून हातांना, असं
त्यांनी एकदा मला विचारलं होतं.

पाच : रडू कोसळणे.
इथं मध्ये काही घालता येत नाही, मॅडम म्हणाल्या,
या अर्थाला कर्म लागत नाही.
एक माणूस पुरतो.
करा वाक्य.

कुणीच केलं नाही.
मला धात्रक आठवला, प्रेस नंबर चारचा.
शेवटच्या दिवशी त्यानं लॉकर रिकामं केलं,
डबा, कंगवा, सप्तशृंगीचा फोटो,
सगळं शिस्तीत पिशवीत घातलं,
आणि जाता जाता तेल देऊन येतो म्हणाला मशिनला.
ऑइलकॅन हातात धरून
तिथंच.
मी पाना घेऊन शेजारी उभा.
आम्हांला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं,
पाच वेळा 'का' विचारा, मूळ कारण सापडतं.
मी एकदाही विचारलं नाही.
रजिस्टरला नोंद नाही.

बरं, मराठीत तरी सांगा, मॅडम म्हणाल्या.
मोडणे, मी म्हणालो.
झोप मोडते, सोयरीक मोडते, संपही मोडतो,
नाशिकरोडला छापलेली करकरीत नोटसुद्धा
मोडल्याशिवाय कामाला येत नाही.
आणि मटकीला मोड येतात, खैरनार म्हणाला.
सगळे हसले.
हसताय काय, सोमवारपासून
अशोकनगरला मिसळीची गाडी लावतोय.
चार किलो बांधून ठेवलीय फडक्यात,
रात्री दोनदा उठून बघतो.
दोनला? मी विचारलं.
दोनलाच, म्हणाला. सवय.

गृहपाठ : पाचव्या अर्थाचं एक वाक्य.
वहीत एवढंच झालंय, धात्रक,
पुढं टिंबं.

जिना उतरलो तर खाली
झेरॉक्सचं मशिन कागद गिळून बसलेलं,
लाल दिवा, बाहेर पोरांची रांग,
आणि दुकानातला पोरगा त्याला थपडा मारतोय.
मी वही काखेत धरली,
बाह्या वर केल्या,
म्हणालो, सरक जरा.