दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं

जुन्या बाजारात ऐंशी रुपयांना मिळाली.
कव्हरमागे शाईनं: ‘नलू खांबेटे, नारायण पेठ’.
घरी येता येता ठरवलं,
एकदा लावली की सुई उचलायची नाही.

पहिली बाजू पार झिजवलीय नलूबाईंनी.
मोहरी तडतडतेय, आणि पलीकडून कुणी
हाक मारावी तशी ती गातेय.
तिसऱ्या गाण्यात ओरखडा:
अजून थो, अजून थो, अजून थो...
बोटानं ढकललं पुढे.
मोडला नियम. असो.

दुसऱ्या बाजूचं चौथं मात्र कोरं.
आख्ख्या तबकडीत तेवढाच पट्टा
नव्या चपलेसारखा काळा, चकचकीत.
म्हणजे इथं आलं की नलूबाई
उठत असणार. दूध बघायला.

मी बसलो. कान देऊन.
गाणं बेतास बात निघालं.
चाल जागची हलेना,
सतार उगाच मध्ये मध्ये.

फक्त शेवटच्या कडव्याआधी
कुणीतरी श्वास घेतं.
ती नव्हे. मागे बसलेलं कुणी,
तबलजी बहुधा,
नाकानं, घाईत, एवढासा.

नलूबाई,
हे तुमचं ऐकायचं राहिलं.

सुई मधल्या कागदाशी खर्र खर्र फिरतेय
आणि आत
दूध उतू गेल्याचा वास.