लसणाची चव

पहाटे साडेतीनला बाकीच्या अकरा उठतात.
सम्हा उठत नाही.
पुढचा उजवा गुडघा वाळूत विसरल्यासारखी
रवंथ करत बसून राहते.
अल शहानियाच्या शर्यतपट्टीवरचे दिवे
अजून विझलेले नसतात.

डॉक्टर इद्रिस अटबऱ्याचे, मी आटपाडीचा.
नावातनं तेवढीच ओळख निघाली,
ती आम्हाला पुरली.

सुई दिसली की ही थुंकते.
गोळीनं हिचं पोट जळतं.
मग उरली कातडी.
‘भिंत आहे ती,’ डॉक्टर म्हणाले,
‘पण औषध वाटाड्या घेऊन गेलं
तर भिंतसुद्धा बाजूला सरते.’
वाटाड्या म्हणजे पाण्यासारखं दुसरं एक पाणी.
त्यांनी ते मलमात कालवलं
आणि हातमोजे माझ्याकडं फेकले.

मी मशीननं केस काढले, तळहाताएवढा चौकोन.
आमच्याकडं कातरबोण म्हणजे जेवणावळ,
दीडशे मेंढ्या, आजाची कातर, भंडारा.
इथं एक गुडघा,
आणि उपाशीपोटी मी.

रबराचा हात हिला चालला नाही.
पाय ओढून घेतला, फुरफुरली.
मी एक मोजा काढला.
उघड्या बोटांनी मलम जिरवत गेलो,
आत हाडाशी गरम काहीतरी
खुराड्यातल्या कोंबडीसारखं हलत होतं.

दहाच मिनिटांत माझ्या जिभेवर लसूण.
खाल्ला नव्हता, बघितलासुद्धा नव्हता.
बोटाला लावलं ते जिभेला कळलं.
डॉक्टर हसले,
‘त्या पाण्याला जनावर आणि माणूस ओळखू येत नाही.’
खोलीवर दिलबहादूरनं माझं तोंड हुंगलं
आणि पातेल्यांची झाकणं उघडून बघितली.

आणि नऊ वर्षं बादल्या उचलून
दुखणारा माझा अंगठा
त्या आठवड्यात गप्प झाला.
हे मी कुणाला बोललो नाही.
पगारात धरतील.

एकदा विचारलं, आमच्याकडं म्हशीला टोचायचे, तेच का हे?
‘नाव वेगळं. घराणं एकच.’
मला ओढ्यापलीकडची खडी आठवली.
मेलेलं जनावर तिथं टाकलं
की दुपारपर्यंत सांगाडा पांढरा व्हायचा.
मग एका वर्षी गिधाडं आली नाहीत.
म्हशीतलं औषध त्यांच्यात उतरलं, असं पुढं ऐकलं.
कोण कुठून कुणात उतरतं!
तिथं टोचणाऱ्याचाही हेतू वाईट नव्हता.

अकराव्या दिवशी सम्हा उठली.
सगळ्यांच्या आधी.
मान लांब करून माझ्या खिशात खजूर शोधू लागली.
मला आनंद झाला आणि लगेच भीती वाटली,
कारण डॉक्टर आदल्याच दिवशी म्हणाले होते,
‘दुखणं गेलं म्हणजे गुडघा आला असं नाही.
दुखणं राखणदार होतं.
आपण त्याला झोपवलंय फक्त.’

शर्यत अठरा दिवसांवर.
रक्त तपासतात, म्हणून आठ दिवस आधी मलम बंद,
एवढं सगळ्यांनाच पाठ होतं.
मधल्या दिवसांत हिच्या पाठीवर
चाबूक फिरवणारं यंत्र बांधायचं,
आणि बाजूनं गाड्या पळवत
रिमोट दाबत राहायचं.

डॉक्टर रजेवर गेले, त्यांची आई वारली होती.
त्या संध्याकाळी मालकाचा मुलगा आला,
पांढरा स्वच्छ कंदुरा, पायात धुळीला न शोभणाऱ्या चपला.
मुलगा वाईट नाही. ईदला मला घड्याळ दिलं होतं.
विचारलं, ‘पहाटे उठते का ही?’

सम्हा माझ्यामागं चारी पायांवर उभी,
माझ्या कानाशी श्वास सोडत.
म्हटलं तर ती स्वतःच उत्तर होती.
पण उंट संध्याकाळी उभे असतातच.

मोडक्यातोडक्या अरबीत मी म्हणालो,
‘नाही. बसूनच असते. रडते.’

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला.
मग नाकाला रुमाल लावून
एक पाऊल मागं सरकला.