बेचाळीस हजार, बोलून अडतीस

फोनवर म्हणाले होते, चांदीच्या रंगाची.
बघितली तर ॲल्युमिनियमचं पातेलं,
घासून घासून टपावर पांढरी पडलेली.
होटगी रोडला निंबाखाली उभी होती,
काचेवर पाखरांनी मांडलेले हिशेब.

मैनुद्दीनला सोबत नेलं होतं,
आमच्या कारखान्यातल्या रझियाचा भाऊ,
अशोक चौकामागं त्याचं गॅरेज.
त्यानं खिशातून फडक्यात गुंडाळलेलं चुंबक काढलं
आणि पत्र्याला लावत गेला,
डॉक्टर पाठीला नळी लावत जातो तसं.
मागच्या डाव्या दारावर चुंबक धरेना.
"इथं पुट्टी."
बिराजदार सर चष्मा पुसायला लागले.
"थोरला शिकत होता. गड्ड्याच्या गर्दीत
रिव्हर्स घेताना..."
पुढं ते बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

मॉडेल दोन हजार सहा. पासिंगला दोन वर्षं बाकी.
एसी आहे, म्हणजे त्याचं बटण आहे.

मला गाडीतलं काय कळतंय?
पण एकोणीस वर्षं टॉवेलच्या कडा मारतेय,
झाकलेली उसवण डोळ्याआधी बोटाला कळते.
ड्रायव्हरच्या सीटवर हात फिरवला,
तर रेक्झिनवर वीतभर हातशिलाई,
एकसारखे बारीक टाके, गाठ आत घेतलेली.
मशीनलाही इतकं सरळ जमत नाही.
"कुणी शिवलं हे?"
"होत्या तेव्हा मंडळींनी," सर म्हणाले.

त्यानंतर मला भाव करता येईना.
चाळीसपाशीच जीभ अडली.
मैनुद्दीननं एकट्यानं आणखी दोन हजार उतरवले
आणि का कोण जाणे,
मी त्याच्यावरच चिडले.

पंचवीस भिशीचे. तेरा ओव्हरटाइमचे,
एक्स्पोर्टच्या ऑर्डरीत जागलेल्या रात्रींचे,
त्यांना अजून मशीनच्या तेलाचा वास होता.
सरांनी न मोजता घेतले.
मग आत जाऊन मोजून आले.

क्लच म्हणजे आमच्या मशीनचं पायडल,
फक्त उलटं: दाबलं की सुटतं, सोडलं की धरतं.
क्लासमध्ये हे पाठ होतं.
सात रस्त्याला पाय विसरला.
गाडी बंद, आणि सातही रस्ते माझ्यावर ओरडले.
सायकलवर चादरींचा गठ्ठा लादलेला एक म्हातारा
सायकल दुभाजकाला टेकवून आला,
"गेर काढा ताई, न्यूट्रल करा,"
आणि गठ्ठ्याइतक्याच निवांतपणे ढकलत राहिला
सिग्नलच्या पार.

बोळात ती मावेना. तोंडाशीच लावली.
आईनं मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला ठेवलं,
पानाचा चुरा झटकत आली,
चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटला हळदकुंकू लावलं.
"किती?"
मी बेचाळीस सांगितले.
का सांगितले, ते अजून माझं मला कळलं नाही.

सीट तिसऱ्या आठवड्यात पुन्हा उसवली,
बाईंच्या टाक्यांनी तग धरला होता, त्यांच्या पुढं.
तपकिरी दोरा घरात नव्हता,
टॉवेलच्या काठाचा लाल होता.
दार उघडं टाकून, एक पाय रस्त्यावर ठेवून
मी चार बोटं शिवलं.
बघणाऱ्याला लगेच कळतं, कुठं त्या संपल्या.

एप्रिल लागला. पाणी पाचव्या दिवशी यायचं,
ते सातव्यावर गेलं.
शेजारचे आधी हसायचे गाडीला,
"धुवायला पाणी कुठनं आणणार?" म्हणायचे.
आता जार घेऊन बोळाच्या तोंडाशी उभे असतात.
पाच जार मागं, एक पुढं पायाशी,
आणि आई त्या पुट्टीच्या दाराशी,
ते थोडं उचलूनच लावावं लागतं.
पुढं बसत नाही. काच खाली करत नाही, वर येणार नाही म्हणून.
दोन जारांच्या गळ्यात हात टाकून बसते,
नातवंडं असल्यासारखी.

स्पीडब्रेकर दिसला की माझ्याआधी ती बोलते,
"मेल्लगा, मेल्लगा."
मी पाय अर्धा उचलते.
मागं सगळं पाणी एकदम पुढं येतं,
आणि परत जागेवर जातं.