उतारी

वडिलांचा जोड अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचा,
त्यातले सत्त्याहत्तर छापील.
पिनेरोलोच्या बसथांब्यामागच्या बारमध्ये
चाळीस वर्षं त्यांनी तो पिसला.
पैसे लावायचे नाहीत, हरणाऱ्याने कॉफी पाजायची.
भविष्यबिविष्य त्यांच्या गावीही नव्हतं.
मनोरा कोसळो की चंद्र उगवो, हुकूम तो हुकूम,
हात झाला की झालं.

आमच्याकडे चित्रं कमरेपाशी कापलेली असतात.
वर एक डोकं, खाली एक डोकं,
कसाही धरा, सुलटाच.
सम्राज्ञीला पाय नाहीत, कंदीलवाल्या जोग्याला नाहीत,
मरणाच्या हातात विळा आहे, पाय नाहीत.
तोरिनोची एक बाई, पत्ते वाचून पोट भरणारी,
नाक मुरडून म्हणाली,
उलटा पडला हेच कळत नसेल
तर वाचायचं काय?
मी म्हटलं, माझंही तेच झालंय.

पहाटे सव्वापाचला, इस्पितळाच्या धुलाईघरात जाण्याआधी,
मी ते ओट्यावर पालथे पसरते.
कॉफी वर यायला लागते तेवढाच वेळ.
एक उचलायचा.
आज काय होईल, हे विचारायचं नाही.
आज मी कुठे बघत नाहीये, एवढंच.

अडचण अशी, की मला पाठी पाठ आहेत.
जगावर वाइनच्या पेल्याचं गोल वळं.
देवदूताचा कोपरा माझ्याच दुधाच्या दातांनी चावलेला.
आणि न्याय मधोमध दुमडलेला,
कारण एक अख्खा हिवाळा
तो बारमधल्या डुगडुगत्या टेबलाखाली होता.
टेबल हललं नाही, असं वडील अभिमानाने सांगायचे.

फेब्रुवारीपासून मोजतेय.
तारा अकरा वेळा आला.
इतक्या चांदण्या कुणाच्याच नशिबी नसतात.
न्याय एकदाही नाही.
हात त्याच्यापर्यंत जातो
आणि शेजारून निघून येतो,
रस्त्यात देणेकरी सावकाराला टाळतो तसा.
त्या बाईला मी आता सांगू शकेन:
चित्र नाही हो, हात वाचायचा.

शेवटच्या रात्री ते क्लेलियाचं नाव घेत होते.
माझं नाही.
मी तिला फोन केला नाही.
फार रात्र झाली होती, असं मी सगळ्यांना सांगितलं,
पाद्रीबाबांनासुद्धा.
सव्वानऊ झाले होते.
मला ते एकटीला हवे होते,
निदान जाताना.

आज डोळे मिटून पिसले.
बोटाला जाड पुठ्ठा लागला.
वेडा.
मूळचा वेडा कधीतरी शाळेच्या दप्तरातून हरवला,
तेव्हा वडिलांनी खोकल्याच्या औषधाचं खोकं कापलं
आणि सुतारी पेन्सिलीने नवा काढला.
कमरेपाशी थांबायचं त्यांना सुचलं नाही.
अख्खा काढला,
पायांसकट.

वेड्याचा नियम साधा आहे.
तो हात करत नाही, पण जातही नाही.
दाखवायचा, परत आपल्याजवळ ठेवायचा,
एका उतारीपुरती सुटका.
पुढच्या हाताला मात्र पान टाकावंच लागतं, ओर्नेल्ला,
ते म्हणायचे, आणि माझ्या पत्त्यांत डोकवायचे.

इतकी वर्षं तो माझ्या हाताखालून गेला,
बूट आज पाहिले.
एक नाडीचा. एक बक्कलचा.
समोर दाराशी जे पडलं होतं ते त्यांनी काढलं असणार.
नाडी मला आधी बांधता यायला लागली होती.
बक्कल तिचं.

कॉफी उतू गेली, ज्योत विझली,
घरभर जळका वास.
मग मी डोळे उघडे ठेवून
तो दुमडलेला उचलला.
तलवार, तराजू, दोन्हीकडे तोच चेहरा.
त्यावर रागबिग काही नव्हता.
थोडा कंटाळा होता, वाट बघणाऱ्याचा.

पाळी सहाची.
क्लेलिया सातला उठते,
निदान पूर्वी उठायची.
न्याय एप्रनच्या खिशात टाकलाय.
आणखी एक घडी पडली
तरी त्याला सवय आहे.